स्कायलॅबच्या इतिहासाची दोन जाडजूड पुस्तकं: मजकूर एक नंबर, रीप्रिंट मात्र रद्दी

आधीच सांगून ठेवतो, हा रिव्ह्यू दोन गोष्टींचा आहे, एक पुस्तकांचा आणि दुसरा ज्या रीप्रिंटवाल्याकडून ती ऑनलाइन मागवली त्याच्या छपाईचा, आणि दोन्हीला मिळून एकच रेटिंग देणं म्हणजे पुस्तकांवर अन्याय. पुस्तकांना डोळे झाकून पाच स्टार. छपाईला दीड, त्यातला अर्धा पॅकिंग बरं होतं म्हणून.

पुस्तकं नासाच्या हिस्टरी सिरीजमधली आहेत. पहिलं 'स्कायलॅब: अ क्रॉनॉलॉजी', १९७७ चं, न्यूकर्क, अर्टेल आणि ब्रुक्स यांनी जमवलेलं. दुसरं 'लिव्हिंग अँड वर्किंग इन स्पेस', १९८३ चं, कॉम्प्टन आणि बेन्सन या जोडीचं. अमेरिकन सरकारी प्रकाशनं, त्यामुळे कॉपीराइटची भानगड नाही, पीडीएफ फुकट मिळते, आणि म्हणूनच कुणीही उठतो, स्कॅन उचलतो, वर एक चकचकीत कव्हर डकवतो आणि विकायला लावतो. मला एवढं जाड पुस्तक स्क्रीनवर वाचवत नाही म्हणून छापील घेतलं.

आपल्याकडे स्कायलॅब म्हटलं की १९७९ ची 'डोक्यावर पडणार' वाली घबराटच आठवते, घरात एखादे तरी काका असतातच ज्यांच्याकडे त्या जुलैचा तिखटमीठ लावलेला किस्सा तयार असतो. पण त्याआधी ते अमेरिकेचं पहिलं स्पेस स्टेशन होतं हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. १४ मे १९७३ ला सॅटर्न फाइव्ह रॉकेटवर बसून गेलं, तिघातिघांचे तीन क्रू राहून आले, २८, ५९ आणि ८४ दिवस, मग रिकामं फिरत राहिलं आणि ११ जुलै १९७९ ला त्याचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले.

क्रॉनॉलॉजी उघडलंत की पहिल्या दहा पानांत जांभई येणार, गॅरंटी. नुसत्या तारखा आणि खाली नोंद, तारीख आणि नोंद, सुरुवात थेट १९२३ पासून. पण जरा नेट लावून वाचलं की कळतं की हे जमवणारे लोक किती बेरकी आहेत, स्वतः एक शब्द मत देत नाहीत पण नोंदी अशा लावल्यात की भांडण आपोआप दिसतं. वेट वर्कशॉपचंच घ्या. मूळ आयडिया अशी की रॉकेटची वरची स्टेज इंधन भरून खरोखर उडवायची, कक्षेत पोचल्यावर हायड्रोजनची टाकी रिकामी करायची आणि अंतराळवीरांनी त्या टाकीत शिरून आतच घर मांडायचं. कागदावर स्वस्त. मग वर्षानुवर्षं नोंदी चालल्यात, हंट्सव्हिलवाले (नासाचं रॉकेट बनवणारं केंद्र) एक म्हणतात, ह्यूस्टनवाले (अंतराळवीर सांभाळणारं केंद्र) दुसरं, एका पानावर उड्डाणं वाढतात, चार पानांनी बजेटची कात्री लागते, आणि शेवटी जुलै १९६९ मध्ये, म्हणजे सगळं जग अपोलो ११ कडे बघत असताना, इकडे गुपचूप ठरतं की हे झेपणार नाही, घर जमिनीवरच सजवून सॅटर्न फाइव्हने आख्खं वर नेऊ. हा निर्णय पुस्तकात अगदी छोट्या नोंदीत उरकलाय पण आधीची शंभरेक पानं वाचलेली असली तर तो वाचताना हुश्श होतं.

आणि एक गंमत, पुस्तक १९७७ चं असल्यामुळे त्यात स्कायलॅब अजून वरच आहे. तेव्हा अंदाज होता की शटल तयार होईल, त्याने ढकलून वरच्या कक्षेत नेता येईल. सूर्यावरच्या उलथापालथी अपेक्षेपेक्षा वाढल्या, त्याने तापून वरचं वातावरण फुगलं, स्टेशन खाली ओढलं गेलं आणि शटल काही वेळेत आलं नाही. हा शेवट वाचायचा तर १९८३ चं पुस्तकच पाहिजे.

ते दुसरं पुस्तक मात्र खरंच भारी आहे. उड्डाणानंतर ६३ सेकंदांनी उल्काकणांपासून वाचवणारं शील्ड उखडलं, जाताना एका सोलर विंगची पकड सैल करून गेलं, ती थोड्या वेळाने तुटून गेली, आणि दुसरी त्या शील्डच्या एका पट्टीत अडकून बसली, त्यामुळे आत भट्टी आणि वीज अर्धवट. पुढचे अकरा दिवस जमिनीवर जी धावपळ झाली ते प्रकरण एका बैठकीत वाचून काढलं. दुसऱ्याच दिवशी निघणारा क्रू २५ मे ला निघाला, सोबत स्टेशनवर सावली धरायला एअरलॉकमधून (बाहेर उघडणाऱ्या झडपेतून) बाहेर काढून उघडायची छत्री घेऊन, आणि त्या छत्रीचा पहिला डेमो दिला होता तो मासे पकडायच्या गळाच्या फोल्डिंग काठ्या जोडून! मग वर पोचल्यावर त्या क्रूतला वाइट्झ यानाच्या दारातून अर्धा बाहेर, केर्विन त्याचे पाय धरून बसलाय, हा लांब काठीला आकडा लावून विंग ओढतोय, ती हलत नाही, तिघांच्या तोंडी शिव्या आणि त्या थेट खाली ऐकू येतायत. त्यात डॉकिंगही होईना. शेवटी ७ जूनला कमांडर कॉनरॅड आणि केर्विन बाहेर जाऊन लांब दांड्याच्या कटरने ती पट्टी कापतात, विंग झटकन सुटते आणि दोघेही भिरकावले जातात. हे सगळं लिहिलंय अगदी सरकारी थंड भाषेत, एकही उद्गारचिन्ह नाही, आणि तरी पान उलटायची घाई होते.

मला सगळ्यात आवडला तो उलटीचा किस्सा. तिसऱ्या क्रूचा पोग पहिल्याच दिवशी आजारी पडला, ओकला, आणि तिघांनी आपसात ठरवलं की खाली सांगायचं नाही, पिशवी गुपचूप फेकून देऊ. पण स्टेशनवर टेप रेकॉर्डर चालू. त्या टेपा नंतर खाली पाठवल्या जायच्या आणि टाइप व्हायच्या. दुसऱ्या दिवशी सगळा कट ह्यूस्टनच्या टेबलावर! अ‍ॅलन शेपर्डने, म्हणजे अंतराळवीरांच्या ऑफिसच्या प्रमुखाने, सगळ्यांना ऐकू जाईल असं झापलं आणि कमांडर कारने मुकाट कबूल केलं की मूर्खपणा झाला. या क्रूने अंतराळात संप केला वगैरे जे नेटवर फिरतं ना, ते या पानांशी ताडून बघा. दिसतं ते एवढंच की वेळापत्रक अंगावर येत होतं, डिसेंबरच्या शेवटी दोन्ही बाजू मोकळेपणाने बोलल्या आणि मग काम सुरळीत झालं. अशा वेळी कळतं की कागद जपून ठेवणारी माणसं किती उपयोगाची.

बारीकसारीक पण खूप आहे: जेवणाच्या जागी खिडकी असावी हा हट्ट धरणारा डिझायनर रेमंड लोवी, अंतराळात जाळं विणणारे दोन कोळी-कीटक अ‍ॅरॅबेला आणि अनिता, त्यांचा प्रयोग सुचवणारी शाळकरी मुलगी. मेडिकल प्रयोगांचा भाग मी भराभर चाळला, मोजमापाचा तपशील फार आहे.

आता छपाई. कव्हरवर चक्क आंतरराष्ट्रीय स्पेस स्टेशनचा फोटो, ज्याचा या पुस्तकाशी काडीचा संबंध नाही. आतले फोटो काळे ठिक्कर, छत्री लावलेल्या स्टेशनचा तो प्रसिद्ध फोटो म्हणजे नुसता डाग. पण खरा वैताग वेगळाच. यांनी पान जसंच्या तसं न छापता मशीनने अक्षरं ओळखून मजकूर पुन्हा लावलाय, त्यामुळे टीपांचे वर असायचे बारीक आकडे खाली येऊन मजकुरात घुसलेत. १९६९ ला टीप २७ असेल तर छापलंय १९६९२७. पानांचे नंबर सरकले म्हणून सूचीही बाद. अशा पुस्तकाचा जीवच टीपांमध्ये असतो, कुठला मेमो, कुठला टेलेक्स, कुणाची मुलाखत, तेच तोडलं तर राहिलं काय? विक्रेत्याला मेल केला तर उत्तर आलं की जुन्या पुस्तकांत अशा त्रुटी असतात. अहो जुन्या पुस्तकात नाहीयेत, तुमच्या नव्यात आहेत.

रशियन बाजू यात जवळपास नाही, ती अपेक्षाही नको. त्यांचं पहिलं स्टेशन सॅल्यूट १ तर स्कायलॅबच्या दोन वर्षं आधी, एप्रिल १९७१ मध्ये गेलं होतं, त्यावर राहून परतताना सोयूझ ११ चे तिघे यानातली हवा निसटल्याने मरण पावले. पण त्या काळी तिकडे सॅल्यूट ३ आणि ५ ही मुळात लष्करी स्टेशनं आहेत हेही उघड बोलायची सोय नव्हती, मग असलं तारीखवार पुस्तक कोण काढणार. ती हौस असेल तर नासाचंच १९९५ चं 'मीर हार्डवेअर हेरिटेज' बघा, पोर्ट्रीने केलेलं, सॅल्यूट ७ चा म्हणजे राकेश शर्मा १९८४ मध्ये जिथे राहून आले त्या स्टेशनचा हिशेब त्यात आहे. तेही फुकट.

माझा सल्ला विचाराल तर रीप्रिंटच्या नादी लागू नका. नासाच्या साइटवरून पानांचं मूळ स्कॅन असलेली पीडीएफ घ्या (नुसत्या मजकुराची नको), पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा तुमच्या गावातल्या कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे पाठपोट प्रिंट काढा, फोटोंची पानं तेवढी चांगल्या कागदावर आणि १९८३ चं पुस्तक दोन भागांत बाइंड करून घ्या, टीपा आणि परिशिष्टं वेगळ्या भागात, म्हणजे वाचताना दोन्ही शेजारी उघडी ठेवता येतात. स्पायरल नको, एवढ्या पानांना ती टिकत नाही.