परळचं टाटा: निदान ते पहिला केमो, मधल्या दिवसांचा रिव्ह्यू

टाटा मेमोरियलमध्ये नाव नोंदवून पहिल्या ओपीडीपर्यंत पोचणं हा त्यातल्या त्यात सोपा भाग. वेळ जातो तो त्यानंतर, आईच्या किंवा वडिलांच्या केमोची नाहीतर ऑपरेशनची तारीख हातात पडेपर्यंत. हा अभिप्राय तेवढ्याच दिवसांचा आहे.

नाव टाटांचं असलं तरी १९६२ पासून ही संस्था केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे, त्यामुळे रांगा, शिक्के, काउंटर सगळं सरकारी वळणाचं. पण निर्णयाच्या बाबतीत तोड नाही. स्तन, फुप्फुस, डोकं-मान, पोट असे अवयववार गट आहेत, त्यांना डीएमजी म्हणतात. अवघड केस एकट्या डॉक्टरवर सोडत नाहीत. सर्जन, केमोचे आणि रेडिएशनचे डॉक्टर ‘जॉइंट क्लिनिक’मध्ये एकत्र बसून ठरवतात. जनरल कॅटेगरी घ्या की प्रायव्हेट, गट तोच. फरक ओपीडीची वेळ, खोली आणि बिलात. घाबरून प्रायव्हेटचं कार्ड काढण्यात अर्थ नाही.

मात्र रिपोर्ट पुरे झाल्याशिवाय हा निर्णय होत नाही, आणि घोडं बहुतेकदा अडतं ते ब्लॉकपाशी. गावाकडे बायोप्सी झालेली असली तरी इथले पॅथॉलॉजिस्ट ती पुन्हा तपासतात. त्यासाठी नुसता रिपोर्ट चालत नाही; काचेच्या स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, दोन्ही लागतात. लॅबकडे लेखी मागा, ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी तिथेच जुळवून घ्या. नंबर जुळला नाही तर परळहून परत जावं लागतं, आणि आठवडा जातो. स्लाइड कागदात गुंडाळू नका, प्लॅस्टिकच्या स्लाइड-बॉक्समध्ये ठेवा. ब्लॉक मे महिन्यात गाडीच्या काचेखाली तर मुळीच नको, मेण मऊ पडतं. आयएचसीला, म्हणजे गाठीच्या तुकड्यावर खास रंग देऊन करायच्या तपासणीला, काही दिवस लागतातच. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हर-टू या प्रथिनाचा निकाल ‘टू प्लस’, म्हणजे धड हो ना धड नाही, असा आला की जनुकाची फिश तपासणी वाढते, वाट पाहणंही वाढतं. फुप्फुसाच्या बायोप्सीत तुकडा इवलासा असतो. ईजीएफआर, एएलके या जनुकांच्या तपासण्यांना तो पुरला नाही तर सुई पुन्हा.

स्कॅनचंही तसंच. नुसती फिल्म पुरत नाही, सीडी लागते, आणि घरून निघण्यापूर्वी ती कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडून बघावी. पेट-सीटीला, म्हणजे किरणोत्सारी साखरेचं इंजेक्शन देऊन करतात त्या स्कॅनला, सहा तास उपाशी राहायचं, साधं पाणी चालतं. मधुमेह असेल तर इन्सुलिन आणि गोळ्यांचं आधी विचारून घ्या. ऐन वेळी इन्सुलिन घेतलं की इंजेक्शनमधली किरणोत्सारी साखर स्नायूंत शिरते आणि चित्र बिघडतं. साखर फार चढलेली असली तर तपासणीच पुढे ढकलतात. त्या दिवशी गर्भार बाई आणि तान्ह्या बाळापासून लांब राहायचं.

माहिती देण्यात संस्था कमी पडते. काय ठरलं ते फाइलवर असतं, पण पुढे कुठे जायचं हे सांगायला कुणाला फुरसत नसते. ओपीडीतून उठण्याआधीच विचारा: कुठला रिपोर्ट यायचा आहे, तो कुठल्या काउंटरला कळेल, तारीख कोण देणार. हॉस्पिटलच्या स्मार्ट कार्डात पैसे भरलेले ठेवा, नाहीतर तपासणीच्या दारातून परत कॅशच्या रांगेत.

बहुतेक गाठींमध्ये नेमकं निदान करण्यात गेलेले एक-दोन आठवडे वाया जात नाहीत. काही लक्षणांना मात्र तारखेची वाट पाहायची नसते: पाय लुळे पडणं किंवा लघवी अडणं, चेहरा-मान सुजून दम लागणं, न थांबणारा रक्तस्राव, रक्ताच्या कॅन्सरमध्ये ताप. थेट कॅज्युअल्टी गाठा.

या दिवसांत करण्यासारखं बरंच असतं. तोंडाला किंवा घशाला रेडिएशन ठरणार असेल तर दंतवैद्याला आत्ताच दाखवा. काढायचे दात रेडिएशनच्या दोनेक आठवडे आधी निघाले पाहिजेत, कारण नंतर काढले तर जबड्याचं हाड सडू शकतं. तंबाखू आजच बंद. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा. स्वतःहून बंद करू नका.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मंजुरी उपचार सुरू होण्याआधी घ्यायची असते. आधी खर्च करून मागून पैसे मिळत नाहीत. रेशनकार्ड आणि आधारवर नाव वेगवेगळं असेल तर प्रकरण अडकतं, म्हणून दुरुस्ती या वाट पाहण्याच्या काळातच उरकलेली बरी. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळची नाना पालकर स्मृती समिती; आधी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जा, चिठ्ठी तिथून.

आणि एक गोष्ट फार कमी लोक विचारतात: प्लॅन परळला, केमो घराजवळ, असं होईल का? बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल, छत्रपती संभाजीनगरचं सरकारी कॅन्सर हॉस्पिटल यांचा टाटाशी संबंध आहे. सोलापूर-मराठवाड्याकडच्या माणसाला परळच्या रांगेतून सुटायची ही सरळ वाट. रेडिएशनला तर जरूर विचारा, मशीनवर दिवसाला ठरावीकच रुग्ण बसतात.

रेल्वेचा सवलतीचा फॉर्मही ओपीडीच्या भेटीतच डॉक्टरांकडून सही-शिक्क्यानिशी घ्या. स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाला भाडं पूर्ण माफ, सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे.

निर्णयाला पाचपैकी पाच, माहितीला दोन.