घोडीवर चढवलेली गाडी 386 किलोमीटर कशी धावली

बँकेत असताना मी गूळ-तारणाची कर्जं बघायचो. गोदामात जायचं, थप्पीभोवती फिरायचं, रवे (गुळाच्या ढेपा) मोजायचे, मधला एखादा रवा उपसून मागं खरंच गूळ आहे की पोकळी आहे ते बघायचं आणि मगच सही. एकतीस वर्षं हे केलं. निवृत्त झाल्यावर स्वतःची गाडी मात्र परक्या माणसाच्या शेडमध्ये नुसत्या फोटोंच्या भरवशावर ठेवली. झाल्या प्रकारात निम्मा गाढवपणा माझाच आहे हे आधीच कबूल करतो, म्हणजे कुणी ते मला पुन्हा ऐकवायला नको.

गाडी प्रीमिअर पद्मिनी, 1975 ची. वडिलांनी नंबर लावून घेतलेली, फिकट आकाशी रंगाची, स्टिअरिंगलाच गिअरची दांडी. पेट्रोल भरलं की वडील वहीत लिहायचे: तारीख, लिटर, मीटरचा आकडा. ते गेल्यावर वही मी चालू ठेवली. 2025 मध्ये गाडीला पन्नास वर्षं पुरी होणार होती, मग विंटेज म्हणून नोंद करायची असं मनात होतं. 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळतो. फी 20,000 रुपये, नोंदणी दहा वर्षांची. चासी, बॉडी आणि इंजिन मात्र मूळचं लागतं.

2024 च्या मेमध्ये दोन गोष्टी एकदम आल्या. कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं घर अपार्टमेंटसाठी पाडायला दिलं आणि लेकीच्या बाळंतपणाला आम्ही दोघं बेंगळुरूला निघालो. ओळखीतल्या एकानं हायवेच्या बाजूच्या एका शेडवाल्याचं नाव सुचवलं. जुन्या गाड्या लांब मुदतीसाठी तयार करून ठेवतो म्हणे. जाऊन भेटलो. चाळिशीचा माणूस, बोलायला मऊ. म्हणाला, “साहेब, जुनी गाडी म्हंजे अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस. कूस बदलली न्हाई की फोड येत्यात.”

आणि मग त्यानं जे सांगितलं त्यात एकही चूक नव्हती. माणूस लबाड होता, माहिती अस्सल होती, म्हणून ती इथं देतो. गाडी उभी करण्याआधी ऑईल बदलायचं, उभी केल्यावर नाही. वापरलेल्या ऑईलमध्ये आम्ल आणि पाणी असतं, ते महिनोन् महिने बेअरिंगला लागून राहतं. टाकी गळ्यापर्यंत भरायची, कारण रिकाम्या जागेत हवा राहते, तिला घाम सुटतो आणि पत्रा आतून गंजतो. पण हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं (आपल्याच कारखान्यांच्या मळीचं आणि रसाचं), ते पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबरी नळ्या फुगवतं. म्हणून पेट्रोल टिकवायचं औषध टाकायचं, आणि पंपाची नळी सोडवून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल सोडून इंजिन हातानं फिरवायचं. ब्रेक ऑईल नवं, कारण तेही हवेतलं पाणी पितं. हँडब्रेक सोडलेला, नाहीतर पावसाळ्यात शू ड्रमला चिकटतात. बॅटरी काढून बाहेर, महिन्याला चार्जिंग. गाडी ॲक्सलखाली लोखंडी घोड्या लावून उचललेली, टायर जमिनीपासून सुटे. सायलेन्सरच्या तोंडाला बारीक जाळी, उंदरांसाठी. काचा बोटभर खाली. वर सुती कव्हर, प्लॅस्टिक अजिबात नाही.

तयारीचे 14,000, भाडं महिन्याला 2,000, सहा महिन्यांचं आगाऊ. मी एकच प्रश्न विचारला: “2019 ला इथं पाणी आलं होतं का?” 2019 आणि 2021, दोन्ही वेळा शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेलेला आपण पाहिलाय. तो म्हणाला, “न्हाई साहेब, आपण उंचावर हाय.” ते खरं निघालं. पुराची भीती गेली तशी माझी बाकीची अक्कलही गेली. 21,000 रोख दिले, 5,000 फोनवरून. फोनवर नाव भलतंच आलं. “मेव्हण्याचं खातं हाय,” म्हणाला. पावती? “प्रिंटर बिघडलाय, पाठवतो.” एवढं मात्र झालं की निघायच्या आदल्या रात्री सवयीनं वहीत आकडा लिहिला: 73,218.

पुढचं काम फोटोंनी केलं. जुलैत पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली तेव्हा मी घाबरून फोन केला. दहा मिनिटांत फोटो हजर. घोड्यांवर उचललेली गाडी, सुती कव्हर, खाली खडखडीत कोरडी फरशी. ऑगस्टला एक आला, सप्टेंबरला एक. बाळाला मांडीवर घेऊन बसलेली बायको एकदा फोनमध्ये डोकावली आणि म्हणाली, “अहो, ही पाल मेलीय की काय?” मागच्या खांबावर ट्यूबलाइटखाली एक पाल होती, शेपूट डावीकडं वळलेली. जूनच्या फोटोत तीच पाल, तिथंच. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, तसंच. सगळे फोटो एकाच दिवशी काढून ठेवलेले होते. हे मला तेव्हा कळायला हवं होतं, पण मी बायकोला म्हणालो, “पाली एका जागी बसतात तासन् तास.” तासन् तास आणि चार महिने यातला फरक बँकेतल्या माणसाला मोजता येऊ नये!

तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई लागली आणि डिसेंबरमध्ये पुतण्यानं एक रील पाठवलं. पन्हाळ्याची तटबंदी, धुकं, लाल शालू नेसलेली नवरी, आणि ती टेकलीय ती आमच्या गाडीच्या बॉनेटला. काचेवर डाव्या कोपऱ्यात वडिलांनी लावलेला अंबाबाईचा स्टिकर, अर्धा उडालेला. खाली पुतण्यानं लिहिलं होतं, “काका, गाडी विकली का?”

शेडवाल्याला फोन लावला. “टेस्ट घेतली साहेब, इंजिन अधनंमधनं फिरवायला लागतंय.” नवरीसकट टेस्ट. दुसऱ्या दिवसापासून फोन बंद. पुतण्या चार मित्र घेऊन गेला तेव्हा गाडी शेडमध्ये नव्हतीच. मागच्या बाजूला पत्र्याच्या पडवीत, निळ्या प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली होती. ती सोडायला त्या माणसानं सातव्या महिन्याचे 2,000 आणि ‘हाताळणीचे’ 5,000 मागितले. पुतण्यानं दिले. मी असतो तर मीही दिले असते.

जानेवारीत परत आल्यावर उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रीला घेऊन कसबा बावड्यात पुतण्याच्या दारात गेलो. आधी बॉनेट उघडून इंजिन नंबर आरसीशी ताडून बघितला. जुळला. तेव्हा कुठं हातपाय थरथरायचे थांबले. मिस्त्री तोवर गाडीखाली सरकला होता. आतूनच हाक मारली, “साहेब, वाकून बघा.” ऑईल सोडायच्या नटावर टॉर्च धरला होता. नटाच्या सगळ्या कोपऱ्यांत जुना चिखल आणि ऑईल वाळून डांबरासारखं घट्ट बसलेलं. “ह्या नटाला पान्ना लागलेलाच न्हाई. 14,000 कशाचे दिले?” ब्रेक ऑईल कोऱ्या चहाच्या रंगाचं. कार्बोरेटर उघडला तर तळाला पिवळट चिकट थर आणि शिळ्या पेट्रोलचा तो आंबूस वास. गाडीतला गालिचा उचलला तर खाली पत्रा तांबूस आणि ओला. आपल्याकडचा पावसाळा, वर प्लॅस्टिक, आत कोंडलेली वाफ. तिला बाहेर पडायला वाटच नव्हती. सीटवर पांढरी बुरशी. सीटच्या फटीत झेंडूच्या वाळक्या पाकळ्या आणि अक्षता.

मीटर दाखवत होतं 73,604. म्हणजे 386 किलोमीटर. पन्हाळा जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर होतं, हिशेब तुम्हीच करा. मीटरची केबल सोडवायचीही त्याला गरज वाटली नव्हती, इतका त्याला माझा अंदाज आला होता.

मिस्त्रीनं त्याची ‘टेस्ट’ही निकालात काढली. उभ्या गाडीचं इंजिन पाच मिनिटं चालू करून बंद करणं हे न करण्यापेक्षा वाईट, म्हणाला. इंजिन पुरतं तापत नाही आणि आत धरलेलं पाणी आतच राहतं. चालवायची तर अर्धा तास नीट तापवून, नाहीतर हात लावायचा नाही.

बदललेल्या वस्तू: बॅटरी, स्टेपनी, चारही मूळ व्हीलकॅप. यातली फक्त बॅटरी मी सिद्ध करू शकतो, कारण तिचा नंबर वॉरंटी कार्डावर होता. बाकीच्यांचे फोटो माझ्याकडं नव्हते. गाडी कुणाकडं ठेवणार असाल तर टायरचे, काचांचे, बॅटरीचे नंबर आणि मीटर दिसेल असे फोटो त्याच्यासमोर काढा आणि त्याच्याच फोनवर पाठवून ‘मिळाले’ असं उत्तर घ्या. आणि न सांगता बघून येणारा आपला माणूस गावात असेल तरच ठेवा. माझा पुतण्या पाच मैलांवर होता. “त्याला कशाला त्रास” म्हणून मी त्याला पत्तासुद्धा दिला नव्हता.

सगळ्यात जास्त घाम मला विम्याच्या माणसाकडं फुटला. खासगी गाडी भाड्यानं फिरत असताना अपघात झाला तर खासगी पॉलिसी हात वर करते. पन्हाळ्याच्या वळणावर कुणाला लागलं असतं तर नोटीस मालकाला, म्हणजे मला आली असती. मी बेंगळुरूत पाळणा हलवत असताना. उद्या विंटेज नोंद झाली तरी त्या गाडीला धंद्यासाठी फिरवायला बंदीच आहे.

पोलिसांत अर्ज दिलाय. वकील म्हणाले, भारतीय न्याय संहितेतलं 316 कलम लागू शकतं, विश्वासघाताचं. पण रोख रकमेचा पुरावा नाही, शेड तिसऱ्याच्याच नावावर आणि खातं मेव्हण्याचं. माझ्या हातात त्याचे मेसेज आहेत, पाल असलेले चार फोटो आहेत आणि रील आहे. ग्राहक आयोगाकडं जायला दोन वर्षांची मुदत असते, तीही तक्रार तयार होतेय. 33,000 त्याला गेले, दुरुस्तीला 41,000 लागले.

गाडी आता पुतण्याच्या शेडमध्ये आहे, घोड्यांवर, सुती कव्हरखाली. परवा वही उघडली. तारखेच्या रकान्यात नोव्हेंबर-डिसेंबर लिहिलं, मीटरच्या रकान्यात 73,604. लिटरचा रकाना कोरा सोडलाय.