डेनॉनचा रिसीव्हर आणि लिहून दिलेल्या आज्ञा
डेनॉन कंपनीच्या नेटवर्क जोडणी असलेल्या रिसीव्हरमधील (स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या यंत्रातील) सर्वांत मोलाची सोय मला ही वाटते, की संगणकावरून टेलनेटने (नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राला लेखी आज्ञा पाठवण्याच्या जुन्या पद्धतीने) २३ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे यंत्राच्या नेटवर्कवरील दारावर, जोडून घेतले की तो साध्या अक्षरांतल्या आज्ञांनी चालवता येतो. ‘पीडब्ल्यूऑन’ लिहून एंटर दाबले की यंत्र सुरू होते, ‘एमयूऑन’ने आवाज बंद होतो आणि ‘एमव्ही४०’ने तो ठरावीक पातळीवर येतो. ‘एमव्ही८०’ म्हणजे शून्य डेसिबल, म्हणून ४० म्हणजे उणे ४०. ‘एमव्ही४०५’ (म्हणजे ४०.५) लिहिल्यास ४० पेक्षा केवळ अर्धा डेसिबल वाढतो, आणि ही बारकाई मला फार आवडली. आवाजाचे बटण हाताने फिरवले तरी नवा आकडा संगणकाच्या पडद्यावर लगेच उमटतो, त्यामुळे यंत्राची खरी स्थिती कळत राहते. गिरगावातल्या आमच्या चाळीत भिंतीला भिंत लागून आहे, तेव्हा रात्री दहाला आवाज आपोआप उतरवणारी छोटीशी स्क्रिप्ट मी लिहिली; शेजारच्या आजींची झोपमोड आता होत नाही. स्टँडबायमधले यंत्र असे सुरू करायचे असल्यास सेटिंगमध्ये नेटवर्क कंट्रोल सतत चालू ठेवावे लागते. या जोडणीला पासवर्ड नसतो, म्हणून राउटरवरून हे पोर्ट बाहेरच्या इंटरनेटसाठी कधीही उघडू नये.