सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट: मोफत मिळते, पण नुसत्या परिपत्रकाने चालत नाही

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेली ही चेकलिस्ट म्हणजे एक पान आणि १९ मुद्दे. तपासणीचे टप्पे तीन: भूल देण्याआधी साइन इन, चीर घेण्याआधी टाइम आउट, रुग्ण ओटीबाहेर (ऑपरेशन थिएटरबाहेर) नेण्याआधी साइन आउट. मांडणीत खोट काढायला जागा नाही. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांच्या २००९ च्या अभ्यासात मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं होतं. मात्र कॅनडातल्या ओंटारिओत ती सक्तीची झाली, तेव्हा १०१ रुग्णालयांत म्हणावा असा फरक दिसला नाही (२०१४). दोष कागदाचा नसून राबवण्याचा, असं आमचं ठाम मत आहे.

व्यवस्थापन भरलेले फॉर्म मोजू लागलं की सिस्टर सगळ्या टिकमार्कच्या खुणा आधीच करून ठेवतात आणि सर्जन शेवटी सही करतात. ऑडिटमध्ये शंभर टक्के, टेबलापाशी शून्य. त्यापेक्षा महिन्यातून काही टाइम आउट प्रत्यक्ष उभं राहून बघावेत: सगळ्यांचे हात थांबले का, नाव, शस्त्रक्रिया आणि जागा मोठ्याने उच्चारली का. एवढ्याला जेमतेम मिनिट लागतं.

अँटिबायोटिकचा मुद्दा बघा. डोस चीर घेण्याआधीच्या ६० मिनिटांत हवा. तो वॉर्डात दिला आणि रुग्णाला ओटीत नेणारी ट्रॉली किंवा आधीची केस लांबली, तर वेळ टळते. अशा वेळी डॉक्टरांना नोटीस काढून काय होणार? डोस ओटीतच, भूलतज्ज्ञांच्या हातून द्यायची व्यवस्था लावावी.

सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात दुर्लक्षित ओळ साइन आउटमध्ये आहे: उपकरणांची काही अडचण होती का? डॉक्टर थेट व्यवस्थापनाशी बोलतात ती हीच जागा. 'सक्शन (रक्त-द्रव ओढून घेणारं यंत्र) कमी ओढतं' अशी नोंद तीनदा होऊनही दुरुस्ती झाली नाही, तर चौथ्यांदा कोणी लिहीत नाही, आणि बाकीच्या ओळीही मग डोळे मिटून भरल्या जातात. नोंद त्याच दिवशी उपकरणं सांभाळणाऱ्या बायोमेडिकल विभागाकडे जावी, आणि काय केलं याचं उत्तर शस्त्रक्रियांच्या पुढच्या लिस्टआधी ओटीच्या फळ्यावर लागावं.

स्थानिक गरजेप्रमाणे बदल करायची मुभा त्या पानावरच छापलेली आहे. ते बदल सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी सिस्टर आणि व्यवस्थापक यांनी एकत्र बसून करावेत. मुद्दे मात्र वाढवत नेऊ नयेत. पान उलटावं लागलं की कोणी मोठ्याने वाचत नाही.