नाणं खरं, रंग खोटा: पिग रुपीत माझे २४,५०० गेले

नाणं बनावट नव्हतं. हे आधीच सांगतो, कारण गेले सात महिने मी ज्याच्या दारात गेलो त्याने पहिला प्रश्न हाच विचारला, "नाणं खोटं आहे का?" नाही हो. वजन ११.६६ ग्रॅम, मुंबई टांकसाळीचा बारीक ठिपका जागच्या जागी. पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, बोंब झाली, सरकारने नाणी परत घेऊन वितळवली आणि १९१२ ला हत्ती नीट काढला. म्हणून हा 'पिग रुपी', म्हणजे डुक्कर रुपया, भाव खातो. विक्रेत्याने मला विकला तो 'कोरा, ओरिजिनल टोनिंग' म्हणून, म्हणजे न वापरलेला आणि काळाने आपोआप रंग चढलेला, २४,५०० रुपयांना. त्यातले २१,५०० यूपीआयने, ३,००० रोख. रोख का? "तेवढं रोख द्या, बाकी मी सांभाळून घेतो." घेतलं त्याने सांभाळून.

प्रदर्शनात शनिवारी संध्याकाळी शेवटच्या तासाला गेलो होतो. टेबलावर पिवळा दिवा. त्याखाली नाणं असं काही दिसत होतं की काय सांगू! कडेला सोनेरी, मधे मोरपंखी निळा. शेजारी एक गृहस्थ खिशात हात घालून उभे होते, "तुम्ही घेत नसाल तर मी घेतो." असले गृहस्थ प्रत्येक टेबलाशी असतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही.

आता जिथे माझी अक्कल गहाण पडली ते लिहितो. डबी उघडल्यावर वास आला. उकडलेलं अंडं फार वेळ डब्यात ठेवल्यावर येतो तसा. मी विचारलंही. "जुन्या पाकिटाचा आहे साहेब, शंभर वर्षं कागदात होतं." मान्य, जुन्या कागदात गंधक असतो, त्यानेच चांदीला रंग चढतो. पण तो दशकानुदशकं चढतो, त्याला वास राहत नाही.

भिंग लावलं तेव्हा राजाच्या गालावर बारीक समांतर रेघा दिसल्या. त्या रेघांच्या आतही तोच निळा. इथेच उठायला हवं होतं. रेघेत रंग म्हणजे आधी घासलं, मग रंगवलं. आणि या रेघा मी ओळखत नाही असं म्हणायला तोंड नाही, कारण आमच्या देवघरात आजीचे चार राजाछाप रुपये आहेत आणि लहानपणापासून दर दिवाळीला चिंच आणि राख लावून ते मीच घासत आलोय! माझ्या हातच्या रेघा मला दुसऱ्याच्या नाण्यावर ओळखता आल्या नाहीत. मी म्हटलं, धूळ असेल.

माझीही थोडी बाजू आहे. अकरा वर्षं नाणी जमवतोय, पण रंगीत नाणं कधी घेतलं नव्हतं. आपल्याकडे रंग चढला की काळं पडलं म्हणून घासायची पद्धत, त्यामुळे चांगलं टोनिंग डोळ्याखालून जातं तरी किती?

नंतर दुपारच्या उजेडात नाणं तिरपं फिरवलं. खऱ्या टोनिंगखालून चकाकी चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. इथे निळ्याखाली मेलेला पत्रा. शिवाय रंगांची शिस्तच नव्हती. गंधकाने चांदीवर बसणारा सल्फाइडचा थर जसा जाड होतो तसे रंग क्रमाने बदलतात: पिवळा, मग तांबूस, जांभळा, मग निळा. बहुतेक वेळा कडेकडून आत. माझ्या नाण्यावर पिवळ्याला चिकटून थेट निळा. अ‍ॅसिटोनने पुसून बघा सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. फासलेलं वॉर्निश असेल तर निघेल, गंधकाने आणलेला रंग हलत नाही, कारण तोही सिल्व्हर सल्फाइडच. एका जुन्या संग्राहकांनी एका नजरेत सांगितलं, "घासलेला आहे, २,५०० च्या वर कोणी देणार नाही."

विक्रेत्याला फोन केला. "नाणं खरंच आहे ना साहेब?" नंतर नंबर ब्लॉक. बिल काढून पाहिलं तर 'जुने नाणे, १ नग, २१,५००'. ना 'कोरे', ना 'नैसर्गिक टोनिंग'. बिलावर हे शब्द हाताने लिहून घ्या आणि सही घ्या. तो नाही म्हणाला तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला: पैसे तुम्हीच पाठवलेत, वस्तू मिळाली आहे. बँक: पिन तुमचाच होता. पोलीस ठाण्यात तीन फेऱ्या. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या दिवशी हवालदारांनी नाणं दिव्यासमोर धरून म्हटलं, "चांगलं तर आहे, रंगीत आहे." अंगठा थेट राजाच्या गालावर! (नाणं कडेने धरा, कोणाच्याही हातात देऊ नका, हवालदाराच्याही.) तिसऱ्या दिवशी तर मीच आरोपी. शंभर वर्षांवरची वस्तू म्हणजे पुरातत्त्वाचा १९७२ चा कायदा लागतो, तुमच्याकडे कशी आली? मी म्हटलं, विकत आली, तेच तर सांगतोय. अर्ज घेतला, पोच दिली नाही. प्रदर्शन भरवणारे म्हणतात आम्ही फक्त टेबलाचं भाडं घेतो. मग दारावर 'विश्वासार्ह विक्रेते' असा फलक कशाला लावला होता?

घरी धुऊन बघायचा मोह मात्र आवरा. डिपमध्ये, म्हणजे चांदी उजळायच्या रसायनात, बुडवलं की रंगाबरोबर चांदीचा पृष्ठभागही जातो आणि पुरावाही. मऊ प्लास्टिकच्या पाकिटातही ठेवू नका, त्यातलं पीव्हीसी हिरवं चिकट होऊन नाण्यावर उतरतं.

गेल्या महिन्यात त्याच टेबलावरून घेतलेले दोघे भेटले. एकाकडे १८६२ चा राणीछाप, ९,००० चा. दुसऱ्याकडे १९०३ चा एडवर्डचा, ६,५०० चा. ग्राहक आयोगाकडे आता तिघे मिळून जातोय. खिडकीत तिन्ही नाणी शेजारी शेजारी ठेवली. १८६२, १९०३, १९११. तिघांच्या गालावर तोच निळा.