गाणी सगळी आहेत, खेबुडकर कुठं आहेत?

जुनी मराठी गाणी आधीच भरून मिळतात ना, तसला रेडिओवजा प्लेअर आईसाठी घेतला. आवाज खणखणीत, बॅटरी दिवसभर टिकते, बटणं मोठी असल्यामुळं आई चष्म्याशिवायही लावते. वस्तू चांगलीच आहे. माझी तक्रार सोबतच्या गाण्यांच्या पुस्तिकेबद्दल आहे. त्यात गायक आहेत, संगीतकार आहेत, गीतकाराचं नाव मात्र एकाही पानावर नाही.

आम्ही कोल्हापूरकर. गीतकार जगदीश खेबुडकर आमच्याच जिल्ह्यातल्या हळदी गावचे, पेशानं शिक्षक. 'रंगल्या रात्री अशा' हा सिनेमा १९६२ चा. त्यात सुलोचना चव्हाणांनी गायलेली 'मला हो म्हणतात लवंगी मिरची' खेबुडकरांचीच. या डब्यात ती 'लावणी'त सापडते. 'धुंदी कळ्यांना' प्रेमगीतांत, 'देहाची तिजोरी' भक्तिगीतांत. तिन्ही एकाच माणसानं लिहिलीत हे ऐकणाऱ्याला कळणार कसं? राज्य शासनानं ज्यांना वारंवार गौरवलं, त्यांची ही गत!

'देहाची तिजोरी' नीट ऐका. ते ज्या सिनेमातलं, त्या 'आम्ही जातो अमुच्या गावा'ची गोष्ट चोरांची, म्हणून देवाला आळवतानाही शब्द आले तिजोरीचे आणि दार उघडण्याचे. सिनेमा माहीत नसला तरी गाणं देवघरात शोभतं, आणि माहीत असला तर अंगावर काटा येतो.

आणि 'पिंजरा'! १९७२ चा शांतारामबापूंचा सिनेमा, राम कदमांचं संगीत. 'छबीदार छबी'तला ठसका ज्यांच्या लेखणीतून आला, त्यांनीच तमाशाच्या नादानं धुळीला मिळालेल्या मास्तरासाठी 'कशी नशीबानं थट्टा आज मांडली' लिहिलं. स्वतः मास्तरकी केलेल्या माणसानं मास्तराची ही पडझड लिहावी, याचा विचार मनात आला की मला ते गाणं अर्ध्यावर सोडवत नाही. पुस्तिकेत त्यापुढं सुधीर फडके आणि राम कदम छापलंय. बरोबरच आहे, पण शब्द काय आभाळातून पडले?

ज्यांना फक्त ऐकायचंय त्यांनी बिनधास्त घ्यावा. आवाजाला पाचपैकी चार देईन, पुस्तिकेला एकही नाही. कंपनीला मी सविस्तर लिहून पाठवलंय: पुढच्या छपाईत प्रत्येक गाण्यापुढं गीतकार द्या, आणि गायकांसारखंच खेबुडकर, गदिमा, शांताबाई यांना एकेक बटण द्या. तोवर आईच्या पुस्तिकेत मी पेन्सिलीनं नावं लिहायला घेतलीत, 'प'पर्यंत पोचलेय.