पुण्याचा पीजीडीएम की जळगावचा एमबीए: तिसऱ्या सत्रानंतरचा अनुभव

बी.कॉम.नंतर माझ्या हातात दोन प्रवेश होते. एक पुण्यातील एका स्वायत्त संस्थेच्या पीजीडीएमचा, आणि दुसरा कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न असलेल्या जळगावातील महाविद्यालयाच्या एमबीएचा. दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची (एआयसीटीई) मान्यता असलेले. मात्र एमबीए ही विद्यापीठाची पदवी असते आणि पीजीडीएम ही संस्थेने स्वतः दिलेली पदविका असते. मी जळगाव निवडले. माझी एक मैत्रीण त्याच पुण्याच्या संस्थेत गेली, त्यामुळे तिकडची बाजूही मला जवळून कळत राहिली.

निर्णयात सर्वांत मोठा वाटा शुल्काचा होता, आणि तो मोकळेपणाने सांगितला पाहिजे. ८ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गांतील मुलींना राज्य शासनाने २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. ही सवलत सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा देऊन केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, मिळालेल्या जागेलाच लागू होते. व्यवस्थापन कोट्याला नाही. पुण्याचा प्रवेश संस्थेच्या स्वतःच्या प्रक्रियेतून होता, त्यामुळे तिथे पूर्ण शुल्क आमचे आम्हालाच भरावे लागणार होते. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सर्वसाधारणपणे तारण मागतात, आणि केळीच्या भावावर चालणाऱ्या घरात राहते घर गहाण ठेवण्याचा विषय किती जड असतो, हे रावेर-यावल भागातील वाचकांना वेगळे सांगायला नको.

प्लेसमेंटच्या बाबतीत मात्र पुण्याची संस्था पुढे आहे, यात शंका नाही. जळगावात आमच्याकडे प्रामुख्याने खाजगी बँका, विमा कंपन्या आणि सूक्ष्म वित्तसंस्था येतात, आणि बहुतेक जागा विक्रीच्या असतात. मैत्रिणीकडे कंपन्यांची यादी मोठी आहे, गटचर्चा आणि इंग्रजीतील सादरीकरणाचा सराव सतत चालतो, आणि त्यामुळे तिच्या बोलण्यात आलेला आत्मविश्वास मला स्पष्ट जाणवतो. तरीही माहितीपत्रकातील सर्वाधिक पॅकेजचा आकडा पाहून कोणीही निर्णय घेऊ नये. मी प्रवेशापूर्वी दोन्हीकडे एकच प्रश्न विचारला होता: बॅचमधील अगदी मधल्या विद्यार्थ्याला किती पगार मिळाला, आणि किती जणांना नोकरी मिळालीच नाही? याचे उत्तर दोन्ही ठिकाणी आढेवेढे घेतच मिळाले.

अध्यापनाचा अनुभव संमिश्र आहे. मार्केटिंगचा विषय सत्राच्या मध्यात दुसऱ्या शिक्षकांकडे गेला आणि त्यात बराच अभ्यासक्रम घाईने उरकला गेला. याउलट, व्यवस्थापन लेखांकन शिकवणारे सर स्वतः सनदी लेखापाल आहेत आणि जळगावच्या डाळमिल व पाइप उद्योगांची कामे करतात. त्यांच्या तासाला खेळत्या भांडवलाची उदाहरणे आमच्याच एमआयडीसीतून येत.

या निवडीचे खरे मोल मला समर इंटर्नशिपमध्ये कळले. रावेर तालुक्यातील एका केळी निर्यात पॅकिंग केंद्रावर मी काम केले. बागेतून आलेल्या घडाच्या फण्या वेगळ्या करायच्या, चीक निघून जावा म्हणून त्या तुरटीच्या पाण्यातून काढायच्या, वजन करून खोक्यात भरायच्या आणि खोकी सुमारे १३ अंश तापमानाच्या कंटेनरमधून न्हावा शेवा बंदराकडे रवाना करायची, एवढे काम वरवर दिसते. परंतु शेतकऱ्याला पैसे क्विंटलच्या भावाने आणि थोड्याच दिवसांत द्यायचे असतात, आखाती देशांतील खरेदीदाराकडून ते खोक्याच्या हिशेबाने आणि बरेच उशिरा येतात, आणि डाग असलेल्या म्हणून बाजूला काढलेल्या फण्या स्थानिक बाजारात पडेल त्या भावाने विकाव्या लागतात. या तिन्ही गोष्टी एकत्र धरून एका खोक्याचा खरा खर्च काढणे हाच माझा प्रकल्प होता. आमचे सर एका रविवारी शेडवर आले, मुनीमजींच्या वहीतील नोंदी माझ्या तक्त्याशी ताडून पाहिल्या आणि नाकारलेल्या मालाचे वजन मी दोनदा धरले असल्याचे दाखवून दिले. एखाद्या शिक्षकाने इतक्या बारकाईने माझे काम पाहण्याची ही पहिलीच वेळ होती. त्या केंद्राच्या मालकांनी पुढे मला अर्धवेळ काम दिले, आणि आता चौथ्या सत्राचा प्रकल्पही मी तिथेच करणार आहे.

ज्यांना मुंबई-पुण्यातील कॉर्पोरेट नोकरी हवी आहे आणि घरी कर्जाचा भार पेलण्याची ताकद आहे, त्यांनी पुण्याला जावे, असे मी मनापासून सांगेन. ज्यांना केळी, कापूस, सोने किंवा प्लास्टिक यांपैकी खान्देशातील एखाद्या उद्योगात काम करायचे आहे, त्यांना जळगावात शिकताना बाजार रोज डोळ्यांसमोर असतो. कॅपने प्रवेश घेणाऱ्या मुलींनी उत्पन्नाचा दाखला आणि, ओबीसी किंवा एसईबीसी असल्यास, नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र सीईटीच्या निकालाआधीच काढून ठेवावे. विकास शुल्क, वसतिगृह आणि मेसचा खर्च या माफीत येत नाही; त्याची तजवीज घरी आधी बोलून करावी.